महिना सांगून जाणे

सोलापूर,
१८ नोव्हेंबर १९७४

तिप्पण्णा,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. ते मी शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर.

काल मंद्रूपचा एक टांगेवाला तबेल्यात आला. मकदूम त्याचं नाव. खांद्यावर नवा दोर, हातात गुळाचा खडा. म्हणाला, "तिप्पण्णांची घोडी न्यायला आलोय." मला वाटलं माणूस घर चुकला. मग त्यानं शेवंतीच्या कपाळावरचा पांढरा टिळा सांगितला, डाव्या मागच्या पायाचा पांढरा मोजा सांगितला, हुबळीत तू ज्या कारखान्यात लेथवर असतोस तिथला पत्ता सांगितला. तेव्हा विश्वास बसला. तू घोडी विकलीस. दोन ओळी आम्हाला लिहायला तुला वेळ मिळाला नाही.

घोडी तुझी आहे, तू ती विकावीस. पण ती राहते अप्पांच्या तबेल्यात. मी मकदूमला म्हटलं, "हितनं जनावर काढायचं तर महिना आधी सांगावं लागतं."

"म्हैना?" तो हसलाच. "अक्का, ही घोडी हाय का सरकारी नोकर?"

मी हसले नाही. तेव्हा त्यानंही हसू आवरलं. म्हणाला, त्याचा घोडा लंगडा होऊन पडलाय, टांगा दारात उभा आहे, बाजाराच्या दिवशी लोक दुसऱ्याच्या टांग्यात बसून जातात ते बघत बसावं लागतं. त्याचं खोटं नव्हतं. तरी मी नाही म्हटलं. त्यानं गुळाचा खडा कुंपणाच्या दगडावर ठेवला आणि निघून गेला.

आता तू म्हणशील अक्कानं मुद्दाम अडवलं. तुला आठवत नसेल, तू लहान होतास. एका शेटजींनी आपल्या तबेल्यात ठेवलेला स्वतःचा पांढरा घोडा एका सकाळी सोडून नेला. शेजारच्या ठाणावर बांधलेला तांबडा दिवसभर त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी कडब्याला तोंड लावेना, पाण्याला तोंड लावेना. शेवटी पोट फुगून मेला. तेव्हापासून अप्पांनी नियम केला की सोडून जाणाऱ्यानं महिना सांगायचा. त्या महिन्यात जाणारं जनावर दर आठवड्याला एक ठाण दाराकडे सरकवायचं. म्हणजे राहणाऱ्यांना सवय होते. माणसं चिडायची. अप्पा म्हणायचे, माणसाला सांगून कळतं, जनावराला दाखवावं लागतं.

गेल्या सहा महिन्यांत या घरातनं दोघं गेले. दोघांनीही महिना सांगितला नाही.

राग उतरला नाही. तरी आशीर्वाद.

नीलम्मा


सोलापूर,
२९ नोव्हेंबर १९७४

तिप्पण्णा,

तुझं पत्र मिळालं. एवढं जोरात लिहिलंयस की कागदाच्या मागनंही अक्षर हाताला लागतं. "नियम अप्पांबरोबर गेला. त्या जनावराला आजच्या आज दाराबाहेर काढ. ज्या घोडीनं बापाला मारलं तिला तुम्ही हरभरा कसा चारता?" असं तू विचारतोस.

मी चारते. मीच खरारा करते. अक्कलकोटहून पांढरं कपाळ घेऊन मी परत आले तेव्हा तुझ्या या घोडीच्या अंगाला टेकून रडले आहे, म्हणून असेल.

तुझ्या चिठ्ठीच्या आधीच इथे पंचायत बसली होती. मकदूम परत आला तो स्टेशनवरचे चार टांगेवाले घेऊन. सगळे एकदम बोलायला लागले. "नियम कुटं लिवलाय ते दाखवा." लिहिलेला कुठे असणार? अप्पांना सहीपुरतं यायचं. मी दारात आडवी उभी राहिले. आत घोडे बिथरायला लागले. तेवढ्यात खाजाभाई आले, घोड्याच्या तोंडाला संध्याकाळचा हरभऱ्याचा तोबरा बांधायला. सगळ्यात जुने टांगेवाले, त्यांचा घोडा आपल्याकडे मी परकर नेसत होते तेव्हापासनं आहे.

त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग मकदूमला विचारलं, "तू लग्न करून बायकू आणली, तवा तिच्या मायला आदी सांगितलं हुतं का न्हाई?"

"सांगितलं हुतं की."

"मग ह्यांच्या घरातनं लेक न्हेतोयस. म्हैनाभर येत जा, तिला हातानं चार. न्हाईतर टांग्याला जुपलीस की पैल्याच पुलावरनं तुला खाली टाकंल."

लोक हसले आणि भांडण मोडलं. त्या दिवसापासून महिना धरला आहे. मकदूम मंद्रूपहून जमेल तसा येतो. माणूस वाईट नाही. पहिल्या दिवशी तो शेवंतीच्या मागनं गेला, तेव्हा अव्वा एवढ्या मोठ्यानं ओरडली की मी चुलीपाशनं धावत आले. आता तो लांबूनच हाक मारतो, "बेटी, मी आलो गं," आणि मगच जवळ जातो.

आता अव्वाचं लिहिते. लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण तुझी आई आहे ती.

तू गेल्यापासून अव्वा रोज दिवेलागणीला तबेल्यात जाऊन पाण्याच्या दगडी डोणीवर बसते. मिलचा भोंगा होऊन गेलेला असतो, पेठेतला गलका थोडा खाली बसलेला असतो. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिला दिसतं ते नुसतं उजेड आणि सावली. ती बसते आणि वाट बघते. मग घोडे खायचे थांबतात. एकदम सगळे. कान दाराकडे होतात. मग ते कान हळूहळू वळतात, जणू कुणी बोळातनं आत चाललंय आणि त्याच्याबरोबर ते वळताहेत. आतल्या कोपऱ्यात शेवंती अंग चोरून एका बाजूला सरकते. माणूस ठाणात यायला लागला की जागा देते ना, तशी. मग मान खाली घालून उभी राहते. थोड्या वेळानं परत चघळायला लागते, आणि बाकीचेही.

अव्वा म्हणते, "आले."

मला काही दिसत नाही. घोडे काय करतात तेवढंच लिहिलं आहे.

नीलम्मा


सोलापूर,
१२ डिसेंबर १९७४

तिप्पण्णा,

उत्तर नाही. तू रागावलास की घाबरलास ते कळत नाही. लहानपणीही तुझी दोन्ही तोंडं सारखीच दिसायची.

शेवंतीला कोपऱ्यातनं काढून दाराकडच्या पुढच्या ठाणावर बांधलं. तो दिवस मला सगळा जड गेला. मनात म्हटलं, आता खरं-खोटं होईल. घोडे जर सवयीनं बघत असतील, तर आजही कोपऱ्याकडेच बघतील.

दिवेलागणीला मी स्वतः अव्वाशेजारी डोणीवर बसले. घोडे थांबले. कान दाराकडे झाले. मग वळत आले आणि अर्ध्या वाटेवरच राहिले. शेवंतीच्या नव्या ठाणापाशी. कोपऱ्याकडे एकाचाही कान गेला नाही. शेवंती एका बाजूला सरकली.

अव्वानं माझ्या मांडीवर हात ठेवला. "बगितलंस? तिच्यासंगं सरकला तो."

तिनं "तो" म्हटलं, त्यानंच मला जास्त भीती वाटली. एवढ्या वर्षांत अप्पांना तिनं कधी एकेरी म्हटलेलं नाही. मी तिच्याकडे बघितलं तर तिला कळलंसुद्धा नव्हतं.

पुढच्या आठवड्यात शेवंती आणखी एक ठाण पुढे आली. तोही आला. मी "तोही आला" असं लिहिते आहे, बघ. खोडत नाही. परवा संध्याकाळी मी कडब्याची पेंढी डोक्यावर घेऊन बोळातनं चालले होते. घोडे थांबले, आणि मी भिंतीला पाठ लावून वाट दिली. विचार करून नाही. पाय आपोआप सरकले. समोरनं काही गेलं नाही, वारासुद्धा नाही. नुसता विडीचा वास आला, आणि टांगेवाले सगळेच विड्या ओढतात. पेंढी डोक्यावर तशीच धरून मी किती वेळ उभी राहिले ते ठाऊक नाही.

त्याच दिवशी जेवताना अव्वानं भाकरी अर्धी ठेवली आणि म्हणाली, "नीला, मीबी म्हैना सांगते."

"कसला महिना?"

"घोडी दारात आली की जाईल. तिच्यासंगं हे जातील. मग मी हितं कुणासाठी बसू? आदी सांगून ठिवते. पुन्हा म्हणशील न सांगता गेली."

मी रागावले. असलं बोलू नको म्हटलं. ती शांत होती. तिच्या आवाजात रुसवा नव्हता, दुःखही नव्हतं. मकदूमनं घोडीचा सौदा बोलावा तशी, ठरवून बोलली.

अप्पांना लाथ लागली त्या संध्याकाळी तू घरी नव्हतास, तालमीत कुस्त्या बघायला गेला होतास. घोडीला तोबरा तू बांधायचास, त्या दिवशी तो बांधायला अप्पा गेले. एवढीच गोष्ट घेऊन तू पळालास, हे मला ठाऊक आहे. कुणी तुला बोललं नव्हतं. मी नाही, अव्वा नाही. पण कुणी तुला जवळ घेऊन "तुझा दोष नाही" असंही म्हटलं नाही. घरात प्रेत असताना असं काही सुचत नाही रे.

नीलम्मा


सोलापूर,
१९ डिसेंबर १९७४

तम्मा तिप्पण्णा,

हे पत्र छोटं आहे. पोस्टमन दारात उभा करून लिहिते आहे.

अव्वानं कालपासून भाकरी सोडली. कण्या आणि ताक घेते, तेही मी समोर बसले तर. ठेवणीतलं इरकल लुगडं शेजारच्या गंगम्माला देऊन टाकलं. मी परत आणलं तर ओरडली, दिलेलं परत आणायचं नसतं म्हणून. डॉक्टर आले होते. छाती बघितली, नाडी बघितली, काही नाही म्हणाले. वयाचं आहे, म्हणाले.

शेवंती आता दाराच्या अगदी आतल्या ठाणावर आहे. संध्याकाळी घोड्यांचे कान वळतसुद्धा नाहीत, दाराकडे होतात आणि तिथेच थांबतात. अव्वाही डोण सोडून उंबऱ्याजवळ बसायला लागली आहे.

आज मकदूम आला होता. त्यानं अव्वाला उंबऱ्यावर बसलेलं बघितलं, टोपी काढली, आणि मला बाजूला बोलावून म्हणाला, "अक्का, सौदा मोडू या. घोडी माझ्या टांग्याला आली न् म्हातारीचं काय झालं, तर मला बिबीजान घरात घ्यायची न्हाई. मी तिप्पण्णांना कळवतो."

बिबीजान त्याची बायको. त्याचा टांगा अजून दारात उभा आहे, तरी हा माणूस असं म्हणतो. मी म्हटलं, थांब. सौदा मोडून भागणार नाही. घोडी राहिली तर अव्वा रोज अशीच बसणार, आणि तिचं बसणंही आता जगणं नाही.

म्हणून तुला सांगते. घोडीचा दोर मी सोडणार नाही. दोर मालकानं स्वतःच्या हातानं नव्या मालकाच्या हातात द्यायचा. ही अट अप्पांची नाही, माझी आहे. तू भांड, खाजाभाईंना बोलाव, काय करायचं ते कर. पण ते इथे येऊन कर.

मंगळवारी महिना भरतो. गदगकडनं येणारी गाडी तुला माहीत आहे.

तुझी अक्का


सोलापूर,
३० डिसेंबर १९७४

चिरंजीव तिप्पण्णास अक्काचे अनेक आशीर्वाद.

या वेळी सुरुवातीलाच लिहिले.

तू आलास त्या संध्याकाळचं तुला काय सांगायचं, तू तिथेच होतास. तरी लिहिते, कारण तू मान खाली घालून उभा होतास आणि मी मागनं, कडब्याच्या गंजीपाशी होते. तुला जे दिसलं नाही ते मला दिसलं.

तू दारात आलास तेव्हा दिवेलागण व्हायची होती. घोडे थांबले. मला वाटलं, रोजचंच. मग दारात खरोखरीचा माणूस उभा दिसला आणि माझ्या हातातनं विळा पडला. तू अप्पांसारखा दिसतोस हे मला कधी वाटलं नव्हतं. पण तू वाळलायस, खांदे पुढे आलेत, आणि मावळत्या उजेडाला पाठ करून उभा होतास. शेवंती एका बाजूला सरकली आणि तुला जागा दिली. तू आत गेला नाहीस.

अव्वा उंबऱ्याजवळ होती. तिनं मान वर केली. म्हणाली, "रोज येता, हुबं ऱ्हाता, बोलत न्हाई. आज तरी बसा."

ती "बसा" म्हणाली म्हणून तू थिजलास. मी पुढे यायला निघाले, सांगायला की अव्वा, हा तिप्पा आहे. पण ती थांबायला तयार नव्हती.

"त्या दिशी मी हितंच हुते. डोणीवर घागर भरीत हुते. तुमची सावली बगितली मी. तुमी मागनं गेला. हाक न्हाई, काय न्हाई. पोराला रोज शिकवायचा, जनावराच्या मागनं जाताना आवाज दे म्हणून, आन सवता विसरला. घोडी बिचकली. तिचा दोष न्हाई. पोराचा तर न्हाईच न्हाई. त्यो हितं असता तरी तुमी असंच गेला असता, लई घाई तुमाला. एवढं त्येला सांगा. माजं त्यो ऐकत न्हाई, तुमचं ऐकंल."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. सहा महिने मी एकाच घरात तिच्याबरोबर जेवते आहे, आणि तिनं बघितलं होतं हे मला ठाऊक नव्हतं.

 मग म्हणालास, "सांगतो."

"काय सांगाल?"

"दोष न्हाई म्हणून सांगतो."

"कुणाचा?"

तेव्हा तुझा आवाज फुटला. "त्याचा. तिप्पाचा."

"हां," ती म्हणाली. "आता जावा."

तू बाहेर गेलास, बोळात बसून रडलास. मी आले नाही. तुला एकट्यालाच ते हवं होतं असं वाटलं. मला अव्वाचा चेहरा दिसत होता. मी घाबरून बघत होते, की ही आता आडवी होते की काय. ती उठली, भिंतीला धरून चुलीपाशी गेली, आणि मला म्हणाली, "पीठ मळ. माणूस आलंय घरात."

माणूस कोण, ते मी विचारलं नाही.

सकाळी तू मकदूमच्या हातात दोर दिलास. शेवंती एकदा मागे वळून खिंकाळली, मग गेली. बाकीचे घोडे बघत राहिले आणि वैरणीकडे वळले. एकानंही खाणं सोडलं नाही. तू अव्वाच्या पाया पडलास, तिनं तुझ्या डोक्यावरनं हात फिरवला. मला म्हणालास, "अक्का, निघतो." सांगून गेलास, बरं वाटलं.

त्या संध्याकाळी मी एकटी तबेल्यात उभी राहिले. घोडे खात होते. अंधार झाला, दिवा लावला, ते खातच होते. कान हलले ते माश्यांसाठी. एवढे महिने ज्याची भीती वाटत होती ते नाही, तर मला तिथे उभं राहवेना. रिकामी जागा किती मोठी असते ते मला तेव्हा कळलं. अप्पा घोडीबरोबर मंद्रूपला गेले, की त्या रात्री तुझ्याबरोबर घरात आले आणि तिथनं कुठे गेले, मला सांगता येणार नाही. मकदूम परवा येऊन गेला. त्याला मी मुद्दामच विचारलं, दिवेलागणीला घोडी कशी असते? म्हणाला, "पोटभर खाते न् झोपते की, दुसरं काय करील?"

अव्वा आता तबेल्यात जात नाही. भाकरी खाते. "महिना सांगितलेला मागे घेतला का?" मी थट्टेनं विचारलं, तर म्हणाली, "कसला म्हैना गं?" खरंच विसरली की तसं दाखवते, कळत नाही. मला वाटत होतं, बिचारीनं अंधारात तुला अप्पाच समजून टाकलं. डोळे गेलेत, मन थकलंय. तुझंही तेच मत झालं असणार. जाताना तू मला म्हणालास, "तिला मी दिसलोच न्हाई."

म्हणून काल रात्रीच्या जेवणाचं सांगायला हे पत्र लिहायला बसले. ती भाकरी ताकात कुस्करत होती. तोंड माझ्याकडे नव्हतं. सहज बोलावं तशी म्हणाली, "अंधारात दारात हुबा ऱ्हायला तवा मला वाटलं, आता आत येतोय का परत पळतोय. लहानपणी आंबा चोरून आला की असाच हुबा ऱ्हायचा."

माझा घास हातातच राहिला.

मग तिनं विचारलं, "गाडीला लई गर्दी असंल न्हाई? तिप्पाला खिडकीपाशी जागा मिळाली का गं?"

मला माहीत नव्हतं. तूच तिला लिही.

नीलम्मा